पुढच्या सीटचा नेम

बंदूक सोडून बंदुकीचं सगळं सामान जवळ असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, तो म्हणजे आमचे मामू. छऱ्यांचे डबे होते, नळी साफ करायची सळई होती, तेलाची बाटली होती, कातडी म्यानातली सुरी होती आणि दुर्बिणी तर एकापाठोपाठ एक येत होत्या आणि परत जात होत्या. हे सगळं शारजात, रोला बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात. बंदूक मात्र रत्नागिरीजवळ त्यांच्या गावी, माजघराच्या भिंतीवर टांगलेली. वडिलांच्या वेळची छऱ्याची बंदूक, मोडून भरायची. ती इकडे आणायची सोय नव्हती आणि मामूंची तशी इच्छाही नव्हती. सामान तिकडे जाणार होतं. ज्या दिवशी ते नोकरी सोडून कायमचे गावी जातील त्या दिवशी.

मामू माझे नात्याने कोणी नव्हेत. एकाच कंपनीत ते स्टोअरचे इन-चार्ज होते आणि मी अकाउंट्समध्ये. पण माझ्या बायकोचं माहेर त्यांच्या गावाच्या खाडीपलीकडे निघालं आणि तेवढ्यावर त्यांनी तिला बहीण करून टाकलं. तेव्हापासून मी भावोजी झालो. माझी मुलगी त्यांना मामू म्हणायची, तिचं ऐकून आम्ही म्हणू लागलो आणि मग सगळं ऑफिस. बायकामुलं गावी ठेवून वीसेक वर्षं एकटा राहिलेला माणूस तो. मामू म्हटलं की खूश व्हायचे.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी जात्याच घाबरट. गॅस बंद केलाय का, व्हिसाचा शिक्का नीट उमटलाय का, मुलगी इतकी गप्प का आहे. बायको म्हणते, यांना काळजी करायला काही मिळालं नाही की हे त्याचीच काळजी करत बसतात. पण आमचं ऑफिस दुबईपलीकडे जबल अलीला आणि आम्ही राहायला शारजात, म्हणजे रोजचा तो रस्ता आलाच, आणि त्या रस्त्यावर मी निर्धास्त असायचो, कारण गाडी मामूंची असायची. मागच्या सीटवर दोघे मल्याळी सहकारी. ते रोलाच्या सिग्नललाच झोपायचे. पुढे मी.

पुढे बसणाऱ्याला झोपायची परवानगी नव्हती. उलट, रस्त्यात येईल तो प्रत्येक बोर्ड त्याने मोठ्याने वाचायचा, हा मामूंच्या गाडीचा नेम होता. "शेजारचा झोपला की चालवणाऱ्याला पण झोप येते, भावोजी. तुम्ही वाचत राहा. आपला नेम म्हणजे नेम." मग मी वाचायचो. पुढचा एक्झिट अमुक, वेग इतका, ट्रकना उजवी लेन, पुढे काम चालू. सुरुवातीला लाज वाटायची, पुढे जिभेला सवय झाली. घरी सोफ्यावर बसूनही मी टीव्हीवर खाली सरकणाऱ्या पट्ट्या मोठ्याने वाचू लागलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, वी कॅन ऑल रीड." एकदा माझी डुलकी लागली आणि लेन बंद असल्याचा बोर्ड वाचायचा राहिला. मामूंनी करकचून ब्रेक मारला तेव्हा एक नारंगी शंकू बंपरखाली गेला होता. ते गाडीवर चिडले नाहीत, माझ्यावर चिडले. मी माफी मागितली. पुढे बसून झोपणं चूकच होतं.

मामूंची शिकार म्हणजे वाघ, डुक्कर असलं काही नव्हे. उंदीर. माडावर चढून कोवळे नारळ पोखरणारे उंदीर. मामूंच्या परड्यातले माड चांगले लागलेले होते आणि दर पत्रात धाकटा भाऊ लिहायचा की सकाळी झाडाखाली भोकं पडलेल्या शहाळ्यांचा सडा असतो. मामू ते पत्र वाचून ऑफिसात अस्वस्थ फिरायचे. निवृत्तीचं त्यांचं स्वप्न एवढंच होतं: अंगणात खुर्ची, मांडीवर वडिलांची बंदूक, तिच्यावर चांगली दुर्बीण, आणि शेंड्यात हललेलं शेपूट. मी अर्थातच काळजीत. "मामू, आपल्याकडे शिकारीला बंदी आहे हो."

"होल्याला बंदी, सशाला बंदी. उंदराला कोण वाली नाय, भावोजी."

दुर्बिणीच्या बाबतीत मात्र ते कोणाचं ऐकणारे नव्हते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि त्यांचं सुरू व्हायचं. "नवीन माणूस पहिली चूक काय करतो? मोठी दुर्बीण घेतो. नऊ पट, बारा पट. अरे, जेवढा उंदीर मोठा दिसणार तेवढा तुझा थरथरता हात पण मोठा दिसणार. चार पट बस झाली." मग दुसरी चूक. मोठ्या रायफलची दुर्बीण छऱ्याच्या बंदुकीवर चढवायची. "स्प्रिंगवाली बंदूक पहिला धक्का मागं देते आणि लगेच पुढं. रायफलच्या दुर्बिणीला एकाच बाजूचा धक्का माहीत. दोन महिन्यांत आतली काच हलते. खलास." तिसरी चूक अंतराची. मोठ्या दुर्बिणी लांबचं बघायला बनवलेल्या असतात, अंगणातून माडाच्या शेंड्याकडे पाहिलं तर त्यांत धुकं दिसतं. म्हणून पुढची रिंग फिरवून जवळचं साफ करता येईल अशीच घ्यायची. एवढं सगळं ऐकून मी बंदूक कधी हातात न धरताही दुर्बीण निवडायला तयार झालो होतो.

सुरी कशाला, हे मी एकदा विचारलं. उंदराला काय सुरी लागते? मामू हसले. त्यांच्या वडिलांनी त्यांना बंदूक द्यायच्या आधी सुरी दिली होती. त्या काळी ते होले मारायला जायचे. बिस्मिल्ला म्हणून चाप ओढायचा आणि पक्षी पडला की धावत सुटायचं, कारण छऱ्याने मेलेला पक्षी खाता येत नाही, जीव असेतो गळ्यावर सुरी फिरायला हवी. "म्हणून आमच्या घरात शिकारीला निघताना पहिली चौकशी सुरीची. बंदुकीची नंतर." उंदीर कोणी खाणार नव्हतं, पण सुरीशिवाय सामान पुरं झालं असं मामूंना वाटेना. दर शुक्रवारी तिला धार लावायचे.

वडिलांचा दुसरा एक नियम होता आणि तो मामू जेवताना, गाडी चालवताना, स्टोअरमध्ये माल मोजताना, कुठेही म्हणायचे. मागचं दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. पक्षी सगळ्यांनाच दिसतो. पक्ष्याच्या मागे काय आहे ते ज्याला दिसतं त्यानेच बंदूक धरावी. हा नियम कसा पडला हेही त्यांनी सांगितलं होतं, पण एकदाच. लहान असताना कुंपणावर होला बसलेला पाहून त्यांनी छरा सोडला. होला उडाला. कुंपणामागून त्यांची आई विहिरीवरून पाणी घेऊन येत होती, डोक्यावर मातीची घागर. छरा घागरीत शिरला आणि पाण्याची धार तिच्या तोंडावरून वाहू लागली. ती तशीच उभी राहिली. तिला वाटलं रक्त आहे. मामू सांगायचे थांबले आणि डब्यातली मासळी बोटांनी नुसती चिवडत राहिले. त्या दिवशी त्यांनी जेवण टाकलं.

दुर्बीण घरी आणली की तपासायची कशावर? बंदूक नाही. मग मामू तांदळाच्या पिशवीवर ती टेकवून बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचे पारवे बघत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी उठून पडद्याकडे धावलो. शारजात एकटा राहणारा पुरुष, समोर फॅमिली बिल्डिंग, आणि हा बाबा बाल्कनीतून बंदुकीची दुर्बीण रोखून बसलाय. मी पडदा ओढत होतो, ते सारत होते. व्हायचं तेच झालं. खालून नातूर आला, म्हणजे बिल्डिंगचा पठाण वॉचमन. समोरून तक्रार आली होती. मी मनातल्या मनात आम्हा दोघांचेही व्हिसे रद्द करून मोकळा झालो. मामूंनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "आओ खानसाब, खुद देख लो." नातूर बराच वेळ डोळा लावून बसला. त्याने पारवे पाहिले, पाण्याची टाकी पाहिली, टाकीवरचं कंपनीचं नाव वाचलं. "बहुत साफ है, चाचा," असं म्हणून तो खाली गेला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पारवे बघायला आला.

मामूंनी मात्र ती दुर्बीण दुकानात परत केली. धूसर दिसते म्हणाले. ती जवळच्या अंतराची नव्हती, हे मला पटलं. पुढे रिंगवाली आणली. तीही धूसर. दुकानदार सज्जन होता, तिसरी दिली.

तिसरी परत करायला गेलो त्या गुरुवारी मी बरोबर होतो. दुबईच्या देरा भागातलं, तंबू आणि बहिरी ससाण्याचं सामान विकणारं दुकान. दुकानदार दुर्बीण घेऊन दारात आला, समोर खाडीत लाकडी गलबतं लागलेली. त्याने स्वतः पाहिलं, मग माझ्या हातात दिली. मी पाहिलं. गलबताच्या कडेवर वाळत घातलेला लुंगीचा चौकडा दिसत होता, शिडाच्या काठीवर कावळा होता, कावळ्याने चोच उघडली तीही दिसली. मामूंनी घेतली. उजव्या डोळ्याला लावून रिंग इकडे फिरवली, तिकडे फिरवली, पुन्हा इकडे. "माल खराब हाय," ते म्हणाले. "धुकं आहे आत." दुकानदार वाद घालत बसला नाही, त्याने चौथी काढून दिली. मामू खाली वाकून पट्टा गुंडाळत होते तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या डोळ्याखाली बोट टेकवलं.

परतताना मी पुढेच बसलो होतो. पहिला बोर्ड आला, मी वाचला. दुसरा आला आणि मी तो वाचायचा सोडून मामूंकडे पाहिलं. झोप येऊ नये म्हणून नेम, असं मी दोन वर्षं समजत होतो. त्या दोन वर्षांत सिग्नलचा रंगही मीच सांगत होतो, हे मला पुढच्या सिग्नलला आठवलं. नारंगी शंकू आठवला. मामू आपल्या नेहमीच्या चालीने, छाती स्टिअरिंगजवळ आणून गाडी चालवत होते, आणि मागून हॉर्न वाजवून पुढे गेलेलं प्रत्येक वाहन आता मला वेगळं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आणि डोंगरापलीकडे समुद्रावर, खोर फक्कानला जायचं ठरलेलं. बायकोने मामूंसाठी घावने केले होते, मुलीने पोहायची ट्यूब काढून ठेवली होती. मामूंना नीट दिसत नसावं, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला कशाचीही भीती वाटते. वीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही." तो शंकू सोडला तर खरं होतं. आणि माणसाला तोंडावर सांगायचं तरी काय? डोळा गेला म्हटलं की गाडी गेली, गाडी गेली की कंपनीच्या दोन स्टोअरमधल्या त्यांच्या फेऱ्या गेल्या, मग कंपनीला त्यांची गरज काय? गावी घराचा स्लॅब अजून पडायचा होता. तो माणूस मला भावोजी म्हणत होता.

वाटेत धैदला चहाला थांबलो तेव्हा मी धीर करून म्हणालो, "मामू, पुढे मी चालवू का? सवय राहील."

"तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्हाला लायसन्स पाचव्या टेस्टला मिळालं. ते पण इन्स्पेक्टर कंटाळला म्हणून." बायकोसुद्धा हसली. ते खरंही होतं. लायसन्स मिळाल्यापासून मी ते पाकिटात जपून ठेवलं होतं आणि स्टिअरिंगला क्वचितच हात लावला होता. "चला, यल्ला. जुम्म्याची नमाज मला खोर फक्कानला पकडायची हाय."

मसाफीपासून डोंगर लागतात. सकाळची वेळ, रस्ता पूर्वेला, ऊन थेट काचेवर. मी दिसेल ते वाचू लागलो. बोर्ड तर वाचलेच, पण वळण आलं की वळण म्हणालो, ट्रक आला की ट्रक. पाण्याचा टँकर. कडेला माणूस. शेळी.

"भावोजी," मामू म्हणाले, "शेळीचा बोर्ड नसतो."

  मागे बायको मुलीला काहीतरी भरवत होती, तिचा हात थांबला. पुढचं वळण मामूंनी फार हळू घेतलं. मग गाडी कडेच्या खडीवर घेऊन थांबवली. मुलीला तेवढंच हवं होतं, खाली वाळूच्या ओढ्यात शेळ्या चरत होत्या. ती आईला ओढत तिकडे घेऊन गेली.

मामू उतरले. डिकीतून दुर्बीण काढली, बॉनेटवर रुमालाची घडी ठेवून तिच्यावर टेकवली आणि ओढ्याच्या दिशेने पाहू लागले. आधी उजवा डोळा लावला. बराच वेळ. मग डावा लावला, जो त्यांनी नेम धरायला आयुष्यात वापरला नव्हता. रिंगला हात लावला नाही.

"तो काळा ठिपका, ते झाड ना?"

"हो. बाभळीसारखं आहे."

"बाभूळ दिसते. ऊन फार हाय, पण दिसते." त्यांनी डोळा पुन्हा काचेला टेकवला. "मागं काय नाय."

मी दुर्बिणीशिवाय बघत होतो. बाभळीच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत, झाडाच्या जरा मागे, माझी बायको मुलीला उचलून उभी होती. मुलगी आमच्याकडे बघून हात हलवत होती. ती बराच वेळ हात हलवत होती, कारण मामू आपल्याकडेच बघताहेत हे तिला दिसत होतं.

"भावोजी, मागं काय हाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी घाबरट आहे, खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. पण त्यांनी ज्या आवाजात विचारलं त्या आवाजाला खोटं उत्तर देणं माझ्याने झालं नाही. "तुमची बहीण आहे," मी म्हणालो. "आणि पोर. पोर हात हलवतेय."

मामूंनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. त्यांचा खांदा जरा खाली आला, एवढंच मला दिसलं. मग त्यांनीही एक हात वर करून ओढ्याच्या दिशेने हलवला, थोडासा चुकीच्या बाजूला. पट्टा गुंडाळला, दुर्बीण पेटीत ठेवली, पेटीची कडी लावली. खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "खलास," ते म्हणाले. "मागचं दिसत नाय."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि ओरडून रडावंसंही वाटलं. पण मी फक्त किल्ली घेतली, कारण पुढे सगळा घाट होता आणि तो मला उतरायचा होता.

बायकोला काही सांगावं लागलं नाही. मी स्टिअरिंगमागे बसलेला पाहून ती मुकाट्याने मागे बसली आणि मुलीला तिने घट्ट धरलं. मी तिला दोष देत नाही. माझे तळहात घामाने निसटत होते. मागून ट्रक आला की पाठीत कळ येत होती.  मामू पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते. त्या सीटवर बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

शेवटी मीच म्हणालो, "मामू, बोर्ड."

ते माझ्याकडे वळले.

"पुढे बसणाऱ्याने बोर्ड वाचायचा. गाडीचा नेम आहे."

 मग त्यांनी घसा साफ केला. "पुढं वळण," ते म्हणाले, "डावीकडं." वळण आलं, आणि वळणाआधी तसा बोर्डही आला. "वेग कमी करा." तोही आला. "ओढ्याला पाणी असेल तर थांबा." वीस वर्षांचा रस्ता त्यांच्या तोंडपाठ होता. बोर्ड दिसायच्या आधीच ते तो वाचत होते, एकसुरात, न चुकता, आणि त्यांच्या आवाजामागून मी गाडी उतरवत होतो. माझे खांदे हळूहळू सैल झाले. फुजैरा मागे पडलं, उजव्या हाताला समुद्र आला. मुलगी पुढे वाकून त्यांचं वाचन तपासू लागली, एकेक बोर्ड आला की "करेक्ट" म्हणायची.

"खोर फक्कान, सरळ," मामूंनी वाचलं.

मी पुढे पाहिलं. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. कडेला खडीचे ढीग होते आणि जुना बोर्ड होता त्या जागी जमिनीत नुसते दोन खड्डे होते.

"मामू," मुलगी म्हणाली, "देअर इज नो बोर्ड."

"होता, बेटी," मामू म्हणाले. "मी बघितलाय."